पेद्रूचं पोट

त्या रविवारी पहाटे पेद्रूने शीळ घातली नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं. एरवी मी चूल पेटवून पहिली भाकरी थापायला घेतली की पडवीतल्या खोक्यातून त्याचं सुरू व्हायचं. कुई, कुई, कुई. परातीवरची माझी थाप ओळखायचा. त्या दिवशी भाकरी तव्यावर फुगली, उतरली, तरी खोकं गप्प. मी म्हटलं, झोपला असेल मेला. रोजचा भाकरीचा चतकोर त्याच्यापुढे टाकला, लुगडं बदललं आणि चर्चमध्ये मिस्साला गेले.

नाताळला आठवडा राहिला होता आणि गुरुवारी पेट्रिशिया घरी यायची होती.

पेट्रिशिया माझी नात. नऊ वर्षांची, बांद्र्याला सिस्टरांच्या बोर्डिंगात शिकते. तिचा बाप इसिडोर, माझा थोरला, परळला एका प्रयोगशाळेत जनावरांना चारापाणी करतो. तिथे हे गिनीपिग ठेवतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी ससा घ्यावा, त्याचे कान कमी करावेत, पाय आखडून टाकावेत, शेपूट मुळीच ठेवू नये, की झाला गिनीपिग. तिथल्या साहेबाने अशक्त म्हणून काढून टाकलेलं एक पिल्लू इसिडोरने खिशात घालून चारकोपला आणलं. पोरीने त्याचं नाव ठेवलं पेद्रू, कारण भिंतीवरच्या फोटोत माझे सासरे अशाच मिशा घेऊन बसलेत. बापाचं नाव जनावराला दिलं म्हणून माझा दीर एडवर्ड दोन दिवस रुसला होता. मला बरं वाटलं. त्या सासऱ्यापुढे बावीस वर्षं मी मान वर करून बोलले नाही. आता रोज म्हणायला मिळत होतं, पेद्रू, सरक तिकडे. पेद्रू, किती रे खाशील.

जूनमध्ये बोर्डिंगात जाताना पोरीने पेद्रूला माझ्या ओटीत ठेवलं. आईच्या हातात दिला नाही, माझ्या दिला. "मोठीआय, मम्मी विसरते. तू नाही विसरत." मग बोटं मोजून सांगितलं, पुढ्यात गवत सारखं पाहिजे, दिवसाला मूठभर हिरवा पाला, प्यायला पाणी. दुसरं काही नाही. दर रविवारी त्याला तागडीत घालायचं आणि पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. जेवढं वजन तेवढी उंच. सव्वादोन रतलाच्या जागी तिने स्वतः एक जाड आडवी रेघ मारून ठेवली. "पप्पा म्हणतात, याच्या वर गेला की त्याचं काही खरं नाही. मला वचन दे."

दिलं. नऊ वर्षांच्या पोरीला काय, द्यायचं वचन.

तागडी माझी. कांदिवली स्टेशनाबाहेर चाळीस वर्षं मी मुळा, माठ, वांगी विकली. शाळेत दोन यत्ता झाल्या तेवढ्याच, पण तागडीचा काटा कुठे थांबतो ते डोळे मिटून सांगेन. खोटं माप म्हणून आजवर एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही. तेव्हा भिंतीवरच्या रेघा खऱ्या होत्या, एकूण एक. सप्टेंबरात पेद्रू जाड रेघेला टेकला. ऑक्टोबरात वर गेला. मी पाहिलं नाही असं नाही. उलट मला अभिमान वाटला. आमच्या घरात आलेलं कुणी बारीक राहत नाही, माझी सून मॉनिका लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या, आता बघा. ते पिल्लू अशक्त म्हणून टाकलेलं होतं. मी म्हटलं, त्या साहेबाला कुणीतरी दाखवा.

तर त्या रविवारी मिस्साहून आले आणि नेमाप्रमाणे त्याला तागडीत घातलं. सव्वातीन रतलाची मापं टाकली तेव्हा काटा सरळ झाला. मी त्याला उचलायला पोटाखाली हात घातला आणि हात तिथेच थांबला. पोट घट्ट. नुसतं भरलेलं नाही, मिरवणुकीतल्या ढोलासारखं ताणलेलं. बोटाने टिचकी मारली तर पोकळ वाजलं. खोक्यात पाहिलं. सकाळचा चतकोर तसाच पडलेला, पाणी तसंच, आणि लेंडी एकही नाही. दर दिवशी मूठ मूठ लेंड्या झाडून मॉनिका कटकट करायची, त्या दिवशी झाडायला काही नव्हतं. म्हशीचं दुखणं शेणात बघायचं हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही गवताच्या पेंढ्या तबेल्यांना विकणारी माणसं.

"इसिडोर," मी हाक मारली, "इकडे ये."

तो दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आला. पेद्रूला हातावर घेतलं, पोट दाबलं, कानाशी नेलं. साबण वाळत होता तरी पुसला नाही.

"आय, वायू धरलाय. आतडं थांबलंय."

"म्हणजे?"

"ह्यांचं आतडं गवतावर चालतं. गवत आत जात राहिलं तर ते पुढे ढकलत राहतं. पीठ, भात, गोड असलं काही गेलं की आंबतं आणि वारा धरतो. ह्यांना ढेकर येत नाही, उलटी होत नाही. वारा जाणार कुठे? तिकडे असं झालेलं जनावर दीड दिवस काढतं. फार तर दोन."

मी बोटं मोजली. रविवार, सोमवार, मंगळवार. गुरुवारी पोर येणार.

"आणि हे तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग भिंतीवर रेघा चढताना दिसत नव्हत्या? ओरडला का नाहीस?"

"दोनदा म्हटलं मी, आय. तू म्हणालीस, तुझ्या साहेबाला सांग, इथे कुणी उपाशी ठेवत नाही."

"म्हटलंस. ओरडला नाहीस."

"तुझ्यावर कोण ओरडणार?" तो म्हणाला आणि साबण पुसायला निघून गेला.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पुरुषमाणूस. परळपर्यंत जाऊन शिकून येतो आणि घरात येऊन पुटपुटतो. पण त्याच्याशी नंतर. आधी ह्याच्या पोटात पीठ घातलं कुणी ते बघायचं होतं. खोक्यात गवत होतं, भरपूर होतं, पण ते ह्याच्या अंगाखाली. सहा महिने ह्याने त्याच्यावर झोप काढली होती. दुसरं तोंडात पडत असेल तर गवत कोण चावतो? वर ह्याचे दात न झिजता वाढलेले. आणखी एक. हा आधी मान वळवून आपलीच मऊ लेंडी खायचा. मी शी म्हणून हटकायची. इसिडोर म्हणायचा, खाऊ दे आय, ती त्याची दुसरी पंगत आहे, त्यानेच पोट ठीक राहतं. गेला महिनाभर मी पाहत होते की खात नाही, आणि म्हणत होते, सुधारला. सुधारला कसला, पोट मध्ये येत होतं, तोंड पोचत नव्हतं.

"मॉनिका," मी म्हटलं, "एडवर्डभावजींना बोलाव. रुक्मिणीला पण."

एडवर्ड शेजारच्याच घरात राहतो. आणि तो आमच्या परसात दिवसातून एकदा येतोच, कारण नाताळचं डुक्कर आमच्या परसात असतं. डुक्कर चार घरांचं, वाट्याचं. ज्याचा वाटा त्याने रोज काही ना काही आणून त्याच्यापुढे घालायचं, भाजीचे देठ, पेज, शिळा पाव. मोकळ्या हाताने कुणी परसात येत नाही. आला तर बाकीच्या तीन घरांत नाव निघतं. हे आमच्यात आजोबा-पणजोबांपासून आहे.

रुक्मिणी आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. मालवणकडची, नवरा गिरणीत. बाई स्वच्छ, सोवळ्यातली, पण आमच्या तुळस नसलेल्या अंगणात तिचं बरं जमलंय.

तिघं पडवीत उभी राहिली. पेद्रू माझ्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले.

"ह्याला कोण काय घालतं?" मी विचारलं.

एडवर्ड छपराकडे बघायला लागला.

"भावजी, वासे मोजून झाले असतील तर बोला."

"वहिनी, मी काय घालणार. डुकराला पाव टाकायला जातो. जाताना हा बघतो तोंडाकडे. वाट्याच्या डुकराला घालायचं आणि याला तेवढं सोडून पुढे जायचं? बापाचं नाव आहे त्याचं."

"किती घालता?"

"एवढंस." त्याने दोन बोटांत चिमूट दाखवली. "चहात बुडवून. नाहीतर घशात अडकेल."

"चहात."

"साखरेच्या."

"शाबास. रुक्मिणी, तुझं काय?"

रुक्मिणी पदर पुढे ओढून म्हणाली, "काकी, मी कायएक घालूक नाय. मी फक्त घास ठेवतंय."

"कसला घास?"

तेव्हा कळलं. ही बाई जेवायला बसायच्या आधी गायीसाठी पहिला घास काढून ठेवते, वरण, भात, वर तूप. तिच्या गावी गाय दारात असते. इथे आमच्या वाडीत गाय नाही, तबेल्यात म्हशी, त्याही मैलभर लांब. घास तर कुणीतरी खाल्ला पाहिजे, नाहीतर हिला जेवण जात नाही. तर हिने गायीचा घास रोज दुपारी पेद्रूपुढे ठेवायला सुरुवात केली. गवत खाणारा, निरुपद्रवी, चार पायांचा. तिच्या हिशेबात तो गायीच्या जवळचा.

"अगो, हा किरिस्ताव आहे," एडवर्ड म्हणाला.

"भुकेक जात नसता, भावजी," रुक्मिणी म्हणाली, आणि मला त्या रागातही वाटलं की ही बाई कधीतरी मला ऐकवेल.

"मॉनिका?"

मॉनिका गेले चार दिवस नाताळची कुलकुलं, तळायचे गोड शिंपले, करत होती. सगळं घर पिठाने आणि नारळाच्या दुधाने भरलेलं. ती म्हणाली, "आय, फणीवर वळताना तुटतात ना, तेवढी. कच्ची. पाच-सहा."

"रोज?"

"चारच दिवस. त्याआधी बिस्कीट."

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात सांगायचं तर मी एडवर्डला म्हटलं की बापाच्या जिवंतपणी त्याच्या तोंडात कधी पाण्याचा थेंब घातला नाही आणि आता पाव भरवतोय. रुक्मिणीला म्हटलं की तुझं पुण्य तुझ्या खोलीत कर, माझ्या पडवीत नको. मॉनिकाला म्हटलं की पोर तुझी, तिने जनावर तुझ्या हातात का दिलं नाही ते आज कळलं. मॉनिकाचा चेहरा पांढरा पडला. मला दिसलं. तरी मी थांबले नाही. म्हटलं, तिघांनी मिळून माझ्या पोरीचं जनावर मारलंत, गुरुवारी दारात तिला तुम्हीच सांगा, माझी मान खाली गेलेली मी कुणाला दाखवणार नाही.

"थोडंथोडंच होतं, वहिनी," एडवर्ड म्हणाला.

हे ऐकलं आणि माझ्यातली बाजारातली बाई उठली. चाळीस वर्षं मी हेच ऐकत आले. थोडंसंच वर घाल, एवढंसंच कमी कर. थोडं म्हणजे किती ते तागडीला विचारायचं असतं.

"जा," मी म्हटलं, "रोज जेवढं घालता तेवढंच, एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही, इथे घेऊन या. तागडीत घालू. बघू कुणाचं थोडं किती थोडं आहे."

गेली. आली. एडवर्डने चहात बुडवलेला पाव बशीतून आणला, चिमूट नव्हती, पावाचा चौथा हिस्सा होता. रुक्मिणीने पानावर भाताचा मुटका आणला, तूप घातलेला, कारण खोटा घास ती आणणार नाही. मॉनिकाने कुलकुलांचा कच्चा गोळा ठेवला. मी तागडी वाशाला टांगली आणि तिन्ही एका पारड्यात घातली. पारडं खाली आलं.

"दिसलं?" मी म्हटलं. "बोटाएवढं ज्याचं आतडं, त्याच्या पोटात रोज हे."

आता दुसऱ्या पारड्यात मापं टाकायची म्हणून मी वाकले. तेवढ्यात मॉनिका खोक्याकडे गेली. बारा वर्षांत ही मुलगी माझ्यापुढे चढ्या आवाजात बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. तिने खोक्यातून हात घालून सकाळचा चतकोर उचलला, माझ्या हातातलं माप बाजूला ठेवलं आणि चतकोर रिकाम्या पारड्यात ठेवला.

पारडं खाली गेलं. तिघांचं मिळून वर आलं, वर, आणि वरच राहिलं.

मी तागडीकडे बघत राहिले. बोटाने दांडी एकदा हलवून पाहिली, अडकली असेल म्हणून. अडकली नव्हती. तेव्हा मी त्या चतकोराकडे नीट पाहिलं. चतकोर म्हणजे भाकरीचा चौथा भाग. पारड्यात जी पडली होती ती अर्धी भाकरी होती, माझ्या हाताची, बोटभर जाड, वरून लोणी चोपडलेली.

रोज पहाटे. जूनपासून.

मी कधी मोजलीच नव्हती. घालणं म्हणजे ते लोक घालतात ते. माझं काय, पहिली भाकरी उतरते, तो शीळ घालतो, मी एक तुकडा मोडते. घरात बाकी सगळी निजलेली असतात. चाळीस वर्षं मी पहाटे उठून भाकऱ्या भाजल्या, नवऱ्याला, दिरांना, सहा मुलांना. कुणी म्हटलं नाही की आय, तुझ्या थापीने जाग आली. हा एकटा म्हणायचा. त्याला काय कमी द्यायचं?

हे त्यांच्यासमोर बोलणार नव्हते. बोललेही नाही.

"आय," मॉनिका हळू म्हणाली, "मी फक्त..."

"कळलं मला. तागडी मला वाचता येते."

रुक्मिणीने भाताचा मुटका उचलून घेतला, खाली पडू नये म्हणून. एडवर्ड मात्र एडवर्डच. "म्हणजे वहिनी, आमचं थोडंच होतं."

"भावजी, घरी जा."

गेला. जाताना पाव डुकराला टाकून गेला.

मी भिंतीला पाठ लावून बसले, पाय पसरले आणि पेद्रूला उताणा न करता कुशीवर मांडीत घेतला. सहा मुलांची पोटं धरलेली मी बाई. हिंग कोमट पाण्यात कालवून त्याच्या पोटावर लेप दिला, फडकं तव्यावर गरम करून शेक दिला, आणि तळहाताने पुढून मागे, पुढून मागे चोळत राहिले, फार जोर नाही. इसिडोरने पोरीच्या शाईपेनाची पिचकारी उकळून आणली. तिच्यातून मी त्याच्या तोंडाच्या कडेने थेंब थेंब पाणी घातलं. अर्ध्या तासाने त्याला अंगणात खाली ठेवायचं आणि मागून हात लावून चालवायचं, विहिरीपर्यंत आणि परत. चालायचा नाही. पोत्यासारखा बसायचा. मी म्हणायचे, "ऊठ. ऊठ, सासरेबुवा. आयुष्यभर माझ्याकडून उठबस करून घेतलीत, आता तुम्ही उठा."

"आय, त्याला शिव्या देऊ नकोस," इसिडोर म्हणाला.

"मग कुणाला देऊ? तुला? तू ओरडला नाहीस. मला? माझ्यावर कोण ओरडणार, तूच म्हणालास."

तो पेद्रूला ढकलू लागला. दुपारी मॉनिका जेवायला वाढू का विचारायला आली. मी नको म्हटलं. तिने न विचारता माझ्याजवळ ताट ठेवलं, पेद्रूला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि चोळू लागली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. मी जेवले. संध्याकाळी चर्चमध्ये आंजेलुसच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हाही ती चोळत होती, मी शेक गरम करत होते.

सोमवारी सकाळी चूल पेटवायच्या आधी मी खोक्याजवळ गेले. शीळ नाही. पण फडक्यावर तीन लेंड्या होत्या. बारीक, वाकड्या, ओलसर, एकीला शेपूट. अशा घाणीकडे बघून कुणाचे डोळे भरून येत असतील असं मला वाटलं नव्हतं. मी इसिडोरला उठवून दाखवल्या. तो म्हणाला, "चाललं आतडं." आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

मग मी गवताच्या गंजीवर स्वतः चढले. साठी उलटलेली बाई, एडवर्ड खालून ओरडतोय वहिनी पडाल. आतल्या बाजूचं, हिरवट राहिलेलं, मऊ, वास येणारं गवत उपसून काढलं, जे आम्ही तबेल्यांना सुद्धा दाखवत नाही. घरात आलेल्याला गवत घालायचं याची माझ्या मनाला लाज वाटायची. पाहुण्यापुढे कुणी गवत ठेवतं? सगळ्यांच्याच मनात तेच होतं, म्हणून ते अंगाखाली गेलं आणि पाव पुढे आला. पेंढ्या विकून पोटं भरणारी आमची जात, आणि ज्याला खरोखर गवतच हवं होतं त्याला आम्ही लोणी लावून भाकरी दिली.

सोमवारी दुपारी त्याने एक काडी तोंडात धरली आणि विसरला. संध्याकाळी चावली. मंगळवारी सकाळी लेंड्या मोजता येतील एवढ्या आणि संध्याकाळी मोजता येणार नाहीत एवढ्या.

रुक्मिणी दाराशी येऊन उभी. "काकी, ता सगळा खरा. पण माझो घास मी खंय ठेवू? माका जेवण जाणा नाय."

"तुझी गाय गावी काय खाते?"

"गवत."

"मग?"

तिने क्षणभर विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ती भात वाढून घेण्याआधी गंजीतून एक काडी काढते, हात जोडते आणि पेद्रूपुढे ठेवते. एक काडी. मी पाहत असते.

एडवर्डला मी सांगितलं की पडवीतून परसात जायचं नाही, बाहेरून वळसा घालून जायचं. अजून रुसलेला आहे. रुसू दे.

गुरुवारी पेट्रिशिया आली. ट्रंक अंगणात टाकली आणि सरळ पडवीत. पेद्रू गवत चावत होता, पोट लोंबत होतं पण मऊ. तिने त्याला उचललं, छातीशी धरलं, मग हातावर तोललं. पोरीच्या हाताला वजन कळतं. तिने भिंतीकडे पाहिलं. जाड रेघ, तिच्यावर रेघा, त्यांच्यावर रेघा. मी एकही पुसली नव्हती. पुसायला एक ओलं फडकं पुरलं असतं.

तिने तागडी काढली. तीन रतल, वर थोडं. भिंतीवरच्या रविवारच्या रेघेकडे बोट करून तिने विचारलं, "इथपर्यंत? कोणी?"

मॉनिका चुलीपाशी होती. इसिडोर ट्रंक उचलत होता, अर्धी उचलून थांबला. रुक्मिणी विहिरीवर, एडवर्ड कुंपणापलीकडे. चौघांनाही ऐकू जात होतं.

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"बाकीच्यांचं थोडंथोडं होतं. माझं एकटीचं त्या सगळ्यांपेक्षा जास्त. तोलून बघितलंय. रविवारी मरत होता."

मग ती पोर बोलायला लागली. अंगणात, सगळ्यांसमोर, कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात गिनीपिग. तू वचन दिलं होतंस. मम्मी विसरते म्हणून तुझ्याकडे दिला होता. रेघ दिसत नव्हती का तुला? दिसत होती तर थांबली का नाहीस? तुला काय वाटतं, तुझी भाकरी म्हणजे औषध आहे? सिस्टरांनी शिकवलेलं नव्हतं ते, हे तोंड या घरातलं होतं. मी मनात म्हटलं, हे सगळं मी कुणाला तरी बोललेली आहे, याच कमरेवरच्या हाताने. एडवर्ड कुंपणावर हात ठेवून ऐकत होता, मिस्सात सुद्धा इतकं लक्ष देत नाही.

चाळीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. अंगाची आग झाली. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिचं बोलून झाल्यावर म्हटलं, "झालं? हातपाय धू. जेवायला बस."

"त्याचं वजन कधी कमी होणार?"

"हळूहळू. तुझा बाप म्हणतो एकदम उपाशी ठेवलं तरी मरतो. गवत, पाला, अंगणात चालणं. ईस्टरपर्यंत जाड रेघेवर आणते."

"वचन?"

"नाही," मी म्हटलं. "दर रविवारी तुझ्या आईने तोलायचं. ती लिहून कळवेल. मी गवत घालीन."

मॉनिकाने चुलीपाशी मान वर केली नाही, पण फुंकणी खाली ठेवली.

नाताळच्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी उठले. चूल पेटवली, पीठ मळलं, पहिली भाकरी थापायला घेतली. तिसऱ्या थापेला पडवीतून आलं. कुई. थांबलं. मग कुई, कुई, कुई, पूर्वीसारखं, हावऱ्यासारखं, आठवड्याभरात पहिल्यांदा.

भाकरी उतरली. मी मोडली, लोणी लावलं, हात आपोआप चालतो. पडवीत जाऊन उभी राहिले, एका हातात अर्धी भाकरी, दुसऱ्या हातात गवताची मूठ. तो खोक्याच्या कडेवर पुढचे पाय ठेवून उभा, नाक भाकरीकडे.

"नाही," मी म्हटलं, "सासरेबुवा, नाही."

गवत घातलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाठ फिरवली. मागून शीळ चालूच. भाकरीचं काय करायचं ते कळेना. मागे वळले तर मॉनिका उठून दारात उभी होती, केस सुटलेले, शिळेने जाग आलेली.

मी भाकरीचे दोन भाग केले. एक स्वतःच्या तोंडात घातला, एक तिच्यापुढे धरला, तिच्याकडे न बघता. "गरम आहे तोवर खा."

तिने घेतला. एक घास चावला.

"लोणी जास्त झालंय, आय."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.